मिरवणुकीसाठी जागवलेल्या रात्री

लहानपणी किंवा कॉलेजात असताना मिरवणूक बघायला रस्त्यावर रात्र काढली असेल, तर इथे नक्की लिहा. मिरवणुकांची वर्णनं पुष्कळ वाचली. मला वाट बघण्याच्या रात्रीबद्दल ऐकायचंय. जागा कशी धरलीत, काय खाल्लंत, शेजारी कोण होतं?

सुरुवात मी करतो. आमची जागा पुण्याला लक्ष्मी रस्त्यावर, कुंटे चौकाच्या अलीकडे, एका कापडदुकानाच्या पायऱ्यांवर. ऐंशीच्या दशकातली गोष्ट. कसबा, तांबडी जोगेश्वरी, गुरुजी तालीम, तुळशीबाग, केसरीवाडा हे विसर्जन मिरवणुकीतले मानाचे पाच गणपती दिवसाउजेडी बघायचे, घरी जाऊन जेवायचं आणि सतरंजी घेऊन परत यायचं, कारण रोषणाईचे रथ रात्रीचे. दगडूशेठ आणि मंडई तर पहाटेच. मोबाइल नव्हते. बेलबाग चौकाकडून चालत येणाऱ्या प्रत्येकाला अख्खा फुटपाथ विचारायचा, "दगडूशेठ कुठवर आलाय?" उत्तर काहीही येवो, ते पायरीपायरीने अलका चौकाकडे सरकत जायचं. दोन मंडळांच्या मधला रस्ता रिकामा झाला की आम्ही पोरं तिथेच पकडापकडी खेळायचो. लक्ष्मी रस्त्याच्या ऐन मधोमध, रात्री दोन वाजता! वर्षभरात हे राज्य एकदाच मिळायचं. पाऊस आला की अनोळखी माणसंही एकाच प्लास्टिकच्या कागदाखाली यायची आणि भुईमुगाच्या शेंगांची पुडी सगळ्यांत फिरायची. दगडूशेठ वळणावर दिसला की झोपलेल्या धाकट्यांना गदागदा हलवून उठवायचं. 2023 साली दगडूशेठ दुपारी चारच्या सुमारासच मिरवणुकीत आला आणि त्याच रात्री विसर्जन झालं. पोलिसांच्या, भाविकांच्या दृष्टीने हे चांगलंच आहे, मला पटतं. पण ती पहाट मला हवी होती.

---

तुम्ही पायऱ्यांवर होतात, आम्ही वर गॅलरीत. मावशीचा वाडा लक्ष्मी रस्त्यालाच लागून. त्या रात्री मावशी दिंडीदरवाजा लावूच द्यायची नाही. खालच्या गर्दीतल्या बायकांना रात्रभर जायचं कुठे, हा प्रश्न कुणी बोलून दाखवत नसे. मावशीने तो स्वतःहून सोडवला होता. मागच्या चौकातले संडास खुले, बाहेर पाण्याची बादली, आणि एक दिवा तिथे लावून ठेवलेला. चहाचं पातेलं स्टोव्हवरून उतरायचं नाही. नगर, सासवड, जेजुरीकडून आलेल्या बायका लेकरांना ओसरीवर झोपवून पुन्हा रस्त्यावर जायच्या आणि आम्हा मुलींना सांगायच्या, "बाई, जरा ध्यान ठेव." कुणाचं मूल हे विचारायचीही गरज वाटायची नाही. वाडा आता पाडलाय. मिरवणुकीबद्दल लिहिताना अशा घरांबद्दल कुणी लिहीत नाही, म्हणून मुद्दाम लिहिलं.

---

मी पथकात ढोल वाजवायचो, त्यामुळे माझी रात्र नंबर लागण्याची वाट बघण्यात गेलेली. कमरेचा दोर सैल करायचा, बोटांवरच्या चिकटपट्ट्या बदलायच्या आणि ढोलालाच टेकून डुलकी काढायची. नियम आल्यापासून रात्री बाराला स्पीकर बंद होतात ते सकाळी सहालाच सुरू. मधल्या वेळात ज्या मंडळाचा रथ जिथे, तिथेच उभा. लोकांना ते तास कंटाळवाणे वाटतात. मूर्ती शांतपणे, जवळून बघायला मिळते ती तेव्हाच.

---

आम्ही गिरगावकर. लालबागचा राजा अनंत चतुर्दशीला सकाळी मंडपातून निघतो आणि चौपाटीला पोचेपर्यंत दुसरा दिवस उजाडतो. वाळूत चादर पसरून आम्ही चाळीतली पोरं बसायचो. शेजारी डोंबिवली, विरारकडची मंडळी. त्या रात्री जादा लोकल असायच्या, तरी राजाला निरोप दिल्याशिवाय कुणी उठायचं नाही.

---

मी वाढले लॉस एंजेलिसजवळ. आमच्याकडे रात्र काढायची ती पॅसाडिनाच्या रोझ परेडसाठी, म्हणजे नववर्षाच्या दिवशीच्या फुलांच्या चित्ररथांच्या मिरवणुकीसाठी. 31 डिसेंबरला दुपारी बारानंतर कोलोरॅडो बुलेव्हार्डच्या फुटपाथवर जागा धरता येते. तंबूला परवानगी नाही, गाद्या आणि स्लीपिंग बॅगा चालतात. रस्त्यावर निळी रेघ आखलेली असते. रात्री अकराला सगळे एकदम सामान उचलून त्या रेघेपर्यंत पुढे सरकतात, आणि तासाभरात नवं वर्ष! थंडी चांगलीच असते. आईने दिलेल्या तिखटमिठाच्या पुऱ्या आणि लोणचं शेजारच्या मेक्सिकन आजींना इतकं आवडलं की त्यांनी त्यांचे गरम तमाले (मक्याच्या पिठाचा वाफवलेला पदार्थ) आमच्या हातात ठेवले. सकाळी आठला परेड सुरू. चित्ररथाचा दिसणारा प्रत्येक भाग फुलं, पानं, बिया, सालींनीच मढवायचा असा तिथला नियम आहे. एक जानेवारी रविवारी आला तर परेड सोमवारी, म्हणून जागरणही एक दिवस पुढे.

---

मिरजेचं कुणी आहे का इथे? स्वागत कमानी आणि गणेश तलावापर्यंतची रात्रभराची मिरवणूक लहानपणी पाहिलेल्यांनी कृपया लिहा. कमानींखाली झोपायला जागा मिळायची का, तेही सांगा.