जुनी बुलेट गरम झाली की बंद पडते, कार्बोरेटर साफ करून पण फरक नाही

पन्हाळा_रोड
नमस्कार मंडळी, गाडी १९८९ ची कास्ट आयर्न बुलेट ३५०, वडिलांची, उजव्या पायाचे गिअर, पॉइंट-कंडेन्सरवाली (म्हणजे ठिणगी पाडायची जुनी पद्धत, इलेक्ट्रॉनिक नाही). बरीच वर्षं शेडमध्ये उभी होती, दिवाळीत बाहेर काढली. थंड असताना लगेच सुरू होते, ठोके एकदम मस्त, गावात फिरवली तर काहीच तक्रार नाही. पण कोल्हापुरातनं पन्हाळ्याकडं निघालो की वाघबीळच्या पुढं चढाला आधी मिसिंग करते, मग कार्बोरेटरमधनं फट फट आवाज येतो आणि बंदच. मग कितीबी किका मारा, ढिम्म. अर्धा तास थांबलं की काही झालंच नाही अशी सुरू होते आणि थोडं पुढं गेलं की परत तेच.

मेस्त्री दर खेपेला कार्बोरेटरच उघडतोय. जेट (आतली पेट्रोलची बारीक भोकं) तारेनं मोकळे केले, फ्लोटची सुई नवीन, प्लग नवीन. आता म्हणतोय अख्खा कार्बोरेटर बदला. मूळचाच मिककार्ब कंपनीचा आहे. स्लो (रेस न देता चालू राहायचा वेग) पण एका जागी राहत नाही, कधी चढतो कधी बसतो. पैसे घालायच्या आधी विचारावं म्हटलं.

ठोका_साठवणारा
मेस्त्रीचं बरोबर आहे, ३५ वर्षांचा कार्बोरेटर काय राहणार. माझं ऐका, ५०० वाला मोठा कार्बोरेटर बसवा, पिकअप पण वाढेल आणि कटकट पण जाईल.

एअरस्क्रू
अहो मोठा कार्बोरेटर काय बसवा, रोग काय ते कळलं नाही आणि औषध सांगताय. ३५० च्या हेडचा पोर्ट (हवा-पेट्रोल आत जायची वाट) तेवढाच राहणार, वर मोठं तोंड बसवलं की कमी रेसला हवेचा वेग पडतो आणि पेट्रोल नीट ओढलं जात नाही. जेटिंग परत पहिल्यापासून. नका नादाला लागू.

पन्हाळा_रोड, मला वाटतं हे ई२० पेट्रोलचं (२० टक्के इथेनॉल मिसळलेलं) काम आहे. इथेनॉलमध्ये स्वतःचा ऑक्सिजन असतो त्यामुळे जुन्या जेटवर मिक्स्चर लीन (हवा जास्त, पेट्रोल कमी) होतं, इंजिन जास्त तापतं, आणि कार्बोरेटरमधून फट फट हे लीनचंच लक्षण. तुमच्याकडच्याच उसाची कृपा म्हणा :) कार्बोरेटरच्या स्लाइडमधल्या सुईची क्लिप एक खाच खाली घ्या, म्हणजे सुई वर उचलली जाईल आणि मधल्या थ्रॉटलला जरा रिच (पेट्रोल जास्त) होईल.

लोखंडी_सिलिंडर
एअरस्क्रू, लीन होतं हे मान्य, आणि जुने रबरी पाइप, ओरिंग फुगतात हे पण खरं, १ एप्रिल २०२३ च्या आधीच्या गाड्या त्या पेट्रोलसाठी बनवलेल्याच नाहीत. पण लीन गाडी असं वागत नाही. ती थंड असताना जास्त कुरकुर करते, चोक मागते, गरम झाल्यावर उलट जरा सुधारते. यांची गाडी थंड असताना शहाणी आणि गरम झाल्यावर ठार बंद, आणि गार झाली की परत जिवंत. मला वासच वेगळा येतोय.

भावा, कार्बोरेटरला आता हात लावू नका. पुढच्या वेळी बंद पडली की जागेवरच पहिले टाकीचं झाकण उघडा. स्स्स करून हवा आत गेली आणि लगेच सुरू झाली तर झाकणाचं बारीक भोक गंजानं बुजलंय, टाकीत व्हॅक्यूम होऊन पेट्रोल खाली उतरत नाही, झाकण साफ केलं की विषय संपला. उभ्या राहिलेल्या गाडीत हे फार होतं. झाकण उघडून काही झालं नाही तर फडकं धरून प्लग काढा, हात भाजेल. प्लग कोरडा म्हणजे पेट्रोल येत नाही, मग कॉकची (टाकीखालच्या पेट्रोलच्या नळाची) जाळी बघा, टाकीतला गंज तिथंच बसतो. प्लग ओला आणि पेट्रोलचा वास म्हणजे पेट्रोल येतंय पण जळत नाही, म्हणजे करंट. तोच प्लग कॅपमध्ये घालून हेडला टेकवा, प्लगच्या भोकापासून लांब, आणि किक मारा. निळी कडक ठिणगी पाहिजे. पिवळी बारीक आली तर माझा संशय कंडेन्सरवर.

कंडेन्सरचं असं आहे की तो पॉइंटशेजारी इंजिनच्या अंगालाच असतो. जुना झाला की गार असताना काम भागवतो, तापला की आतनं लीक होतो, ठिणगी दुबळी पडते आणि सगळी आग पॉइंटवर निघते. पॉइंटचं कव्हर काढा, तोंडं काळी पडून खड्डे पडले असतील तर समजून जा. पॉइंटचा गॅप १५ थाऊ (इंचाचे हजारावे भाग), फिलर गेजनं, अंदाजानं नाही. ठिणगीचं टायमिंग पिस्टन वर यायच्या ०.८ मिमी आधी. आणि हो, इग्निशन चालू ठेवून गाडी उभी करत असाल तर पॉइंट मिटलेले असताना कॉइलमधनं सतत करंट जातो, तापून कॉइल पण जाते, ती सवय असेल तर सोडा.

अजून एक, जेटमध्ये तार घालू देऊ नका कुणाला. पितळ मऊ असतं, भोक मोठं होतं, मग तोच जेट आयुष्यभर त्रास देतो. क्लीनर स्प्रे आणि हवेचा पाइप, एवढंच.

नागपूरचा_फिटर
वरच्यांनी सगळं सांगितलंच आहे. फक्त टॅपेट (व्हॉल्व्हची फट) पण पाहून घ्या जी, थंड इंजिनवर. पिस्टन कॉम्प्रेशनला वर आणून पुशरॉड (व्हॉल्व्ह ढकलणारा दांडा) बोटानं गोल फिरला पाहिजे पण वर-खाली हालला नाही पाहिजे. आवाज कमी करायच्या नादात लोक इतके टाइट करतात की व्हॉल्व्ह पूर्ण बसतच नाही. गरम इंजिनवर किकवर वजन टाकून बघा, डिकॉम्प (कॉम्प्रेशन सोडायची कळ) न दाबता. किक धरून ठेवली तर ठीक, भसकन खाली गेली तर लफडं दुसरंच आहे.

पन्हाळा_रोड
मंडळी, रविवारी मुद्दाम चढाला नेली, बंद पडली. झाकण उघडून काही फरक नाही. प्लग ओलाचिंब, ठिणगी पिवळी, ती पण एक आली तर दोन गायब. पॉइंट कोळसा झालेले. किक मात्र धरून ठेवते. नवीन पॉइंट आणि कंडेन्सर टाकले, गॅप लावला, आणि परत नेली तर सरळ वरपर्यंत गेली, वर चहा पिऊन लगेच पहिल्या किकेत सुरू पण झाली! मेस्त्री म्हणतो योगायोग. लोखंडी_सिलिंडर, कोल्हापुरात आलात की तांबडा-पांढरा माझ्याकडं.

पण स्लो अजून तसाच, गरम झाली की आपोआप चढतो. एअर स्क्रू फिरवून फरकच पडत नाही.

एअरस्क्रू
कंडेन्सर माझ्या डोक्यात आलाच नव्हता, मस्त पकडलंत. स्क्रूनं फरक पडत नाही म्हणजे हवा दुसरीकडून घेतेय किंवा पायलट जेट (स्लोला पेट्रोल देणारा) चोंदलाय. आधी स्क्रू पूर्ण आत हलकेच टेकवा, दीड फेरा बाहेर काढा, तिथून सुरुवात. मिककार्बचा हा स्क्रू हवेचा आहे, आत घेतला की रिच, बाहेर काढला की लीन, बरेच जण उलटंच समजतात.

लोखंडी_सिलिंडर
कार्बोरेटर दोन नटांवर हेडला बसतो ना, ते नट आवळून आवळून कार्बोरेटरचं तोंड वाकतं आणि मधनं हवा जाते, तापलं की फट अजून उघडते. स्लोवर चालू ठेवून त्या जोडावर थोडं पातळ ऑइल सोडा, ठोका बदलला तर तिथंच आहे. पेट्रोल शिंपडून बघू नका, बरेच मेस्त्री बघतात, शेजारी गरम सायलेन्सर असतो. कार्बोरेटर काढून त्या तोंडावर स्टीलची पट्टी धरा, खालनं उजेड दिसला तर जाड काच टेबलावर ठेवून तिच्यावर बारीक पॉलिश पेपर, आणि कार्बोरेटर गोल गोल घासा. आत पावडर राहू देऊ नका. ओरिंग नवीन टाका, मधला काळा बेकेलाइटचा तुकडा असेल तर तो पण दोन्ही बाजूंनी घासा, आणि नट आलटून पालटून थोडे थोडे आवळा, जीव खाऊन नाही.