ॲमस्टरडॅमच्या कालव्यात पंधरा जणांसाठी स्वतंत्र बोट: मदत हवी आहे

टिळकवाडी_कोपरा

नमस्कार मंडळी. येत्या ५ मेला आईबाबांच्या लग्नाला पन्नास वर्षं होतात. धाकटा भाऊ ॲमस्टरडॅमला लागून असलेल्या ॲमस्टलव्हेनमध्ये नोकरीला आहे आणि कार्यक्रम तिकडेच करायचा असा त्याचा हट्ट. इथं कार्यालय घेतलं की आहेर, फोटो, पंगत आणि आपापल्या घरी. त्यापेक्षा एक अख्खी बोट ठरवायची, सगळ्यांना कालव्यांतून फिरवायचं, बोटीतच औक्षण आणि केक, असं त्याच्या डोक्यात आहे. व्हिसासाठी बेंगळूरुचे हेलपाटे घालून झालेत, विमानाची तिकिटंही काढलीत, त्यामुळे ‘एवढ्या लांब कशाला’ हा विषय कृपया कुणी काढू नये.

घोडं अडलंय बोटीवर. भाऊ कामात बुडालेला, म्हणून शोधाशोध माझ्याकडे. वेबसाइटवर बघावं तर प्रत्येक बोट सुंदर आणि प्रत्येक बोटीत हसणारी तरुण माणसं. आमची मंडळी तशी नाहीत. बाबा ७८ वर्षांचे, मधुमेह आहे, त्यांना तास-सव्वा तासाने बाथरूम लागतंच. मोठ्या आत्याचे गुडघे गेलेत, पायरी उतरायची म्हटली की दोघांनी धरावं लागतं. शिवाय त्या माळकरी, कांदा-लसूणही चालत नाही. दोन मुलं, सात आणि दहा वर्षांची. बाकी आम्ही धट्टेकट्टे. एकूण पंधरा.

मला कळत नाहीये ते असं. उघडी बोट घ्यावी की छप्पर असलेली? पंधराजण एकाच बोटीत बसतील का? भाडं माणशी असतं की तासावर? आमच्या घरचे म्हणतायत की तिकडे बोट चालवायला लायसन्स लागत नाही, मीच चालवतो, पैसे वाचतील. (यांना हिडकलच्या धरणातसुद्धा होडीत बसलेलं मी कधी पाहिलेलं नाही.) जेवण आपलं नेता येतं का? आणि निरांजन लावू देतील का? आई म्हणते, औक्षण नाही तर मग तो नुसता वाढदिवस झाला.

हिडकल_गेट

ताई, अभिनंदन आईबाबांचं. मला त्यातलं काही माहिती नाही, पण एक विचारतो. आपल्याकडे कॅनॉल म्हटला की घटप्रभेचा डावा कालवा, त्यात पाणी सोडलं तर माणूस वाहून जातोय. तिकडे पाणी वाहतं का? वयस्कर माणसं आहेत म्हणून विचारलं.

सध्या_युट्रेख्टमध्ये

मूळचा निपाणीचा, इथं बरीच वर्षं आहे. घरचे पाहुणे आले की कालव्याची फेरी ठरलेली, त्यामुळे यातलं थोडं कळतं. सविस्तर लिहितो.

आधी हिडकल_गेट यांना: पाणी जवळजवळ स्थिर असतं. शेतीचा कालवा नव्हे तो, शहराच्या आतला. सतराव्या शतकात शहर वाढवताना खणलेले हेरेनग्राख्त, कायझरग्राख्त आणि प्रिन्सेनग्राख्त हे तीन मोठे कालवे जुन्या गावाला अर्धवर्तुळात वळसा घालतात. २०१० मध्ये युनेस्कोने तो सगळा भाग जागतिक वारशात घेतला. मध्यवर्ती कालव्यांत वेगाची मर्यादा ताशी ६ किलोमीटर, म्हणजे काठावरून भरभर चालणारा माणूस बोटीच्या बरोबरीने जातो. हादरे नाहीत, लाटा नाहीत. मात्र आय नावाचं रेल्वे स्टेशनमागचं मोठं पाणी आहे, तिथे फेरीबोटींची आणि मालवाहू जहाजांची ये-जा असते आणि छोटी बोट हलते. कुणाला बोट लागत असेल तर ‘आयमध्ये नेऊ नका’ असं आधीच सांगून ठेवा.

आता ताई, तुमचा खरा प्रश्न पंधरा या आकड्यात आहे. नेदरलँड्समध्ये बारापेक्षा जास्त प्रवासी नेणारी बोट हे प्रवासी जहाज धरतात. त्याला वेगळी तपासणी, वेगळं प्रमाणपत्र. म्हणून ज्या देखण्या उघड्या बोटी तुम्ही बघताय, ज्यांना इथं स्लूप म्हणतात, त्या बहुतेक बारा जणांच्याच असतात. बोटवाला बारा म्हणतो म्हणजे ‘दाटीवाटीने तेरा’ असं त्यात काही नसतं. आपल्या वडापच्या हिशेबाने जाऊ नका. तुमची सात आणि दहा वर्षांची मुलंही त्यात मोजली जातात. तेव्हा एकतर दोन स्लूप, नाहीतर एक मोठी सलून बोट.

दोन स्लूप घेतल्या तर पन्नासाव्या वाढदिवसाला अर्धं घर एकीकडे, अर्धं दुसरीकडे. औक्षण कोणत्या बोटीत? आणि उघड्या स्लूपमध्ये टॉयलेट सहसा नसतं. बाबांसाठी एवढं एक कारणच पुरेसं आहे. सलून बोट म्हणजे लाकडी, पितळी कड्यांची, काचेच्या खिडक्यांची, आत टेबलं आणि सोफे. त्यातल्या काही तर शंभर वर्षांहून जुन्या आहेत, श्रीमंतांनी हौसेने बांधून घेतलेल्या. त्यांत बहुधा टॉयलेट असतं, पण ‘बहुधा’वर राहू नका, लेखी विचारा. टॉयलेटकडे उतरायला किती पायऱ्या आहेत हेही विचारा, कारण ते कधीकधी खालच्या अंगाला, अरुंद दाराआड असतं.

माझं मत विचाराल तर सलून बोट. फोटो स्लूपमध्ये चांगले येतात हे कबूल. पण मेच्या सुरुवातीला दुपारी पंधरा-सोळा अंश असतं, आणि पाण्यावर वारा. बेळगावच्या डिसेंबरातल्या पहाटेसारखं थंड वाटतं, फक्त तिथे शेकोटी नाही. सरही कधीही येते, दहा मिनिटांत जाते, तेवढ्यात आत्या भिजलेल्या असतात.

शहापूरची_माहेरवाशीण

लग्नाचा वाढदिवस, अहो, तुम्ही नुसतं पन्नासावा वाढदिवस लिहिलंत 🙂

टिळकवाडी_कोपरा, तारखेचं कुणी बोललं नाही म्हणून लिहिते. तो आठवडा तिकडे साधा नसतो. २७ एप्रिलला राजाचा वाढदिवस, त्या दिवशी कालवे नारिंगी कपड्यांतल्या लोकांनी आणि बोटींनी इतके भरतात की पाणी दिसत नाही. त्यातून तुम्ही सुटलात. पण ४ मे हा युद्धात गेलेल्यांच्या स्मरणाचा दिवस, रात्री आठ वाजता सगळा देश दोन मिनिटं थांबतो. कुणी आदल्या दिवशीच संध्याकाळी उरकू म्हणालं तर त्या वेळी हसतखेळत फिरणं बरं दिसत नाही. आणि तुमचा ५ मे म्हणजे त्यांचा मुक्तिदिन. त्या संध्याकाळी आम्स्टेल नदीवर मोठी मैफल असते, माखेरे ब्रुग या पांढऱ्या लाकडी पुलाच्या अंगाला. राजा-राणी येतात, माणसं बोटींत बसून ऐकतात. आम्स्टेलच्या त्या भागात तुमच्या बोटीला जाता येईलच असं नाही.

म्हणून ५ तारीखच धरायची असेल तर सकाळी अकराच्या सुमाराची वेळ घ्या. नाहीतर ६ मे. तिथीने बघितलं तर तारीख तशीही वेगळीच पडते, आईंना पटवायला सोपं जाईल!

औक्षणाचं म्हणाल तर पेटतं निरांजन बोटीत कुणी लावू देणार नाही, लाकडी जुन्या बोटीत तर नाहीच. विचारायला हरकत नाही, पण मनाची तयारी ठेवा. निरांजनाने सकाळी भावाच्या घरी ओवाळा आणि बोटीत सुपारी-अंगठीने ओवाळून अक्षता टाका. आमच्याकडे दवाखान्यात बाळंतिणीला असंच करतात, आजीसुद्धा कधी हरकत घेत नाही. अक्षता पाण्यात टाकू नका मात्र, एका वाटीत गोळा करा.

खानापूर_जंगल

कुंदा नेणार असाल ना ओ? बेळगावचा माणूस कुंदा घेतल्याशिवाय विमानात चढतच नाही.

सध्या_युट्रेख्टमध्ये

नेऊ नका. बाहेरच्या देशातून येणाऱ्या प्रवाशाने मांसाचे आणि दुधाचे पदार्थ सामानातून आणण्यावर युरोपीय संघात बंदी आहे, आणि कुंदा म्हणजे आटवलेलं दूधच की. ‘ही मिठाई आहे’ असा वाद विमानतळावर आत्याला मागे उभं करून कोण घालणार? चिवडा आणा, तेलावरच्या शेंगापोळ्या आणा. कुंद्याची हौस भावाच्या बायकोने तिथलं दूध आटवून भागवावी.

बोटीवरच्या जेवणाबद्दल: काही मालक बाहेरचं अन्न आणू देतात, काही नाही, काही आणू देतात पण वर आकार लावतात. ॲमस्टलव्हेनमध्ये आपल्या लोकांची मोठी वस्ती आहे, शाकाहारी डबे करून देणारे सहज मिळतील. पण कांदा-लसणाशिवाय हे त्यांना दोनदा सांगा. गरम रस्सा, आमटी यांच्या भानगडीत पडू नका, बोटीत स्वयंपाकघर नसतं. इडली, कोथिंबीर वडी, दही-साखर असलं हाताने खाता येणारं ठेवा.

भाडं तासावर असतं, माणशी नाही. त्यात बोट चालवणारा धरलेला असतो का ते बघा, बहुधा असतो. दर वाचताना एक गोम: कंपन्यांच्या कार्यक्रमांसाठी दिलेले दर पुष्कळदा बीटीडब्ल्यू वगळून असतात. ती म्हणजे इथली जीएसटी समजा, एक दर ९ टक्के आणि दुसरा २१. शेवटी येणारी रक्कम बघूनच दोन ठिकाणांची तुलना करा. आणि प्रवासी नेणाऱ्या बोटीला नगरपालिकेचा परवाना लागतो. रस्त्यावर उभं राहून ‘स्वस्तात देतो’ म्हणणाऱ्याच्या मागे पंधरा माणसं घेऊन जाऊ नका.

आता भाऊजींचं. ते सांगतात ते खरं आहे. पंधरा मीटरपेक्षा लहान आणि ताशी वीस किलोमीटरपेक्षा हळू चालणाऱ्या बोटीला इथं लायसन्स लागत नाही. भाड्याने विजेवरच्या छोट्या बोटी मिळतात, पर्यटक चालवतात. पण त्या बोटीत सहा-आठ माणसं. शिवाय इथं पाण्यातही उजवीकडून जायचं, आणि पुलाखालच्या अंधारातून वीस मीटरची काचेची टूर बोट समोर वळून येते तेव्हा जागा तिलाच द्यावी लागते. भाऊजींना हौस असेल तर दुसऱ्या दिवशी मुलांना घेऊन तासभर चालवू दे. आईबाबांच्या दिवशी नको.

हिडकल_गेट

गाणी लावायला चालतील का? सनई तरी?

सध्या_युट्रेख्टमध्ये

स्पीकर लावून नाही. काठावर लोक राहतात, हाउसबोटींतही राहतात, त्यामुळे आवाजाचे नियम कडक आहेत. तोंडाने गा की. आत्या माळकरी आहेत ना, एखादा अभंग म्हणतील.

टिळकवाडी_कोपरा

केवढं लिहिलंत सगळ्यांनी! बाराचा नियम कुठल्याच वेबसाइटवर माझ्या नजरेला आला नव्हता, प्रत्येक ठिकाणी ‘मोठ्या ग्रुपसाठी संपर्क करा’ एवढंच. घरात वाचून दाखवलं. यांचं तोंड जरा उतरलं, पण दुसऱ्या दिवशी तासभर चालवायचं ठरल्यावर खुलले.

बाबांना मात्र भलतंच कुतूहल लागलंय. आमचं मूळ गाव कृष्णाकाठी, यडूरच्या अलीकडे. त्यांच्या लहानपणी पैलतीराला जायचं म्हणजे नावेतून, आणि नावाडी सुगीला धान्य घ्यायचा. ते विचारतायत की एवढे कालवे खणले ते कशासाठी, आणि काठावरच्या घरांना वर ते आकडे कसले?

आणखी एक. युट्रेख्टमध्येही कालवे आहेत म्हणे आणि गर्दी कमी. ते बरं पडेल का?

सध्या_युट्रेख्टमध्ये

बाबांना सांगा, माल आणायला-न्यायला. पाण्याचा निचरा, संरक्षण हेही होतंच, पण व्यापाऱ्याच्या दारात बोट लागावी ही मोठी सोय. घरं अरुंद, जिने इतके उभे की कपाट वर जात नाही. म्हणून माथ्यावर तुळई आणि आकडा, दोर टाकून सामान बाहेरून खिडकीतून आत घ्यायचं. अजूनही घर बदलताना तसंच घेतात. पुष्कळ घरं पुढे झुकलेली दिसतील, वर चढणारा माल भिंतीला घासू नये म्हणूनही तशी बांधत.

आणि हे बाबांना नक्की आवडेल: हेरेनग्राख्तवरच्या ज्या वळणावर सगळ्यात श्रीमंत घरं आहेत त्याला सोनेरी वळण म्हणतात. त्या शतकातल्या पैशात डच ईस्ट इंडिया कंपनीचा पैसा होता, आणि त्याच कंपनीची एक वखार आपल्या वेंगुर्ल्याला होती. आपण मासे खायला आणि समुद्र बघायला जातो, ती पडकी वखार तिथे अजून उभी आहे. दुसरं टोक आता बोटीतून बघायला मिळेल. बोटवाल्याला सोनेरी वळण आणि रेगुलिर्सग्राख्तवरचे ओळीने दिसणारे सात पूल एवढं नक्की घ्यायला सांगा. दीड-दोन तासांत आरामात होतं.

युट्रेख्टचं माझं गाव म्हणून कौतुक करायला हवं, पण तुमच्यासाठी नको. तिथला जुना कालवा रस्त्याच्या बराच खाली आहे, पाण्याच्या पातळीवर धक्का आणि तळघरं. दिसतं फार छान, पण बोटीत बसायचं तर बहुतेक ठिकाणी जिना उतरून जावं लागतं. आत्यांचे गुडघे.

ॲमस्टरडॅममध्येही चढायची जागा तुम्ही सांगा, त्यांनी दिलेली घेऊ नका. धक्का आणि बोट साधारण एका पातळीत असेल, जवळपर्यंत टॅक्सी येईल, अशी जागा मागा. तो भाऊ तिथेच आहे ना? त्याला एका रविवारी आधी बघून यायला सांगा. एवढं तरी त्याने करावं.

टिळकवाडी_कोपरा

भावाला धाग्याची लिंक पाठवली, शेवटच्या वाक्यावर त्याने फक्त अंगठा दाखवलाय.

तर ५ मेची सकाळ, अकरा ते एक, सलून बोट. तीन ठिकाणी एकच मजकूर पाठवला: पंधरा प्रवासी, त्यांत दोन मुलं, टॉयलेट आणि त्याकडे जाणाऱ्या पायऱ्या, चढायची जागा, बाहेरचं शाकाहारी जेवण, कर धरून एकूण रक्कम, पाऊस आला किंवा कुणी आजारी पडलं तर पैसे परत किती. मुलांच्या मापाची लाइफ जॅकेटंही विचारली. निरांजनाचंही विचारून टाकलं, नाही म्हणाले तर सुपारी-अंगठी आहेच.

खानापूर_जंगल

किती पडतंय ते पण लिहा ओ. आमच्या मामांची साठी पुढच्या वर्षी आहे, माणसं अकराच.

टिळकवाडी_कोपरा

उत्तरं आली की तिन्ही दर इथेच टाकते. अकरा असाल तर तुम्हाला स्लूप चालेल, फक्त मामांना विचारून घ्या, दोन तास टॉयलेटशिवाय बसतील का.