जपान की दक्षिण कोरिया : अकरावीपासून कोणती भाषा शिकावी?

नमस्कार. आम्ही वडोदऱ्यात दांडिया बाजारात राहतो. माझी मुलगी अकरावी विज्ञान शाखेत असून तिला मेकॅनिकल इंजिनिअरिंगची पदवी जपान किंवा दक्षिण कोरियात घ्यायची आहे. अभ्यास सांभाळून दोन्ही भाषा शिकणे तिला झेपणार नाही, त्यामुळे निवड आताच करावी लागेल.

जपान सरकारची मेक्स्ट आणि कोरिया सरकारची जीकेएस, या दोन्ही शिष्यवृत्त्यांत पदवीआधी वर्षभर भाषा शिकवतात. मेक्स्टसाठी गणित आणि विज्ञान विषयांच्या लेखी परीक्षा असतात. जीकेएसमध्ये शालेय गुणांना मोठे महत्त्व असून भाषावर्षानंतर टोपिक या कोरियन भाषेच्या परीक्षेची तिसरी पातळी गाठावी लागते.

खरी काळजी आहे ती शिष्यवृत्ती न मिळाल्यास काय, याची. जपानमध्ये स्वखर्चाने जाणारे बहुतेक विद्यार्थी आधी भाषाशाळेत शिकतात आणि जून किंवा नोव्हेंबरमध्ये होणारी ईजेयू ही प्रवेशपरीक्षा देतात. शिवाय नित्य वापराच्या अधिकृत यादीतच २,१३६ कांजी (जपानी लेखनातील चिनी चिन्हे) आहेत, ज्या बारावीच्या वर्षात पाठ करणे कठीण वाटते. याउलट कोरियन लिपीत मूळ अक्षरे २४च असल्याने मुलगी ती स्वतःच वाचायला शिकली आहे आणि तिचा ओढा तिकडेच आहे. परंतु टोपिकचा निकाल दोनच वर्षे ग्राह्य धरतात, म्हणजे आज दिलेली परीक्षा प्रवेशाच्या वेळी बाद ठरू शकते. जेएलपीटी या जपानी भाषेच्या परीक्षेच्या प्रमाणपत्राला अशी मुदत नाही.

माझा स्वतःचा कल जपानीकडे आहे. गुजरातमधल्याच हांसलपूरचा सुझुकीचा कारखाना आणि जपानच्या सहकार्याने होत असलेली बुलेट ट्रेन, जिचे प्रशिक्षण केंद्र वडोदऱ्यातच आहे, यांमुळे ती परत आली तरी भाषा उपयोगी पडेल असे वाटते. मात्र तिच्या आवडीविरुद्ध भाषा लादण्याची माझी इच्छा नाही.

जाणकारांनी कृपया सांगावे : टोपिकच्या तिसऱ्या पातळीवर कोरियनमधील इंजिनिअरिंगची व्याख्याने खरोखर समजतात का? जेएलपीटीमध्ये लेखन आणि संभाषण तपासलेच जात नाही, मग तिथे गेल्यावर ती उणीव आपण कशी भरून काढली? आणि मार्च-एप्रिलमध्ये तिकडचे सत्र सुरू होते तेव्हा आपला बारावीचा निकालही लागलेला नसतो, तर मधले वर्ष इथेच भाषेसाठी द्यावे की थेट तिकडच्या भाषाशाळेत पाठवावे?