सामुराईला चढावर दम नाही: टर्बो लावू की १.६ इंजिन बसवू?

सायली

नमस्कार. बाबांची सुझुकी सामुराई, म्हणजे चारही चाकांना जोर देणारी छोटी जीप, गेल्या वर्षीपासून माझ्याकडे आहे. १.३ लिटर, आठ व्हॉल्व्ह, कार्ब्युरेटर, पाच गिअर. बाबांनी तिला मातीच्या रस्त्यापलीकडे कधी नेलं नाही. मी नेते. भाऊ आणि मी मिळून सस्पेन्शन थोडं उचललं आणि ३१ इंची टायर घातले. खालचा अडसर गेला, पोट घासत नाही, गाडी दिसतेही छान.

पण चढावर ती मरते. एका कोरड्या ओढ्यातून वर जाणारी वाट आहे, गुडघ्याएवढे दगड, मध्येच पायरीसारखी उठण. लो रेंज (चढासाठीचा हळू पण जोरकस टप्पा), पहिला गिअर. हळू घेतलं तर तिसऱ्या-चौथ्या दगडाला इंजिन गुदमरून बंद पडतं. म्हणून रेस दिली तर गाडी एकदम उसळते, चाकं हवेत, आपटते. गेल्या वेळी भावाचं डोकं छताच्या पाइपावर आदळलं. मधलं काही मिळतच नाही.

आता ठरवलंय की इंजिनाची ताकद वाढवायची. दोन सल्ले मिळालेत: आहे त्याच इंजिनाला छोटा टर्बो (इंजिनात जास्त हवा ढकलणारा पंखा), किंवा सुझुकीच्याच व्हिटारा गाडीतलं १.६ लिटर, सोळा व्हॉल्व्हचं इंजिन. कोणी केलंय का? काय निवडू? गाडी विकायची नाही, एवढं नक्की.

रोहित

टर्बो! मी वाळूत गाडी चालवतो आणि टर्बो लावल्यापासून ज्या टेकडीवर अर्ध्यातून परत यायचो ती एका दमात चढतो. वाळूत चाकं फिरती ठेवावी लागतात, वेग तुटला की गाडी रुतली. तिथे हॉर्सपॉवरच लागते, दुसरं काही चालत नाही.

फक्त माझं इंजिन फ्युएल इंजेक्शनचं होतं. कार्ब्युरेटरवर टर्बो म्हणजे पेट्रोलचं प्रमाण सांभाळणं फार अवघड, ते आधी सोडवा.

विनायक

सायली, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. मी टर्नर होतो, लेथवर आयुष्य गेलं, आणि तुमच्यासारखीच गाडी माझ्याकडे सोळा वर्षं आहे. १.६ इंजिनही मी बसवलेलं आहे. तरी तुम्हाला सांगतो, एवढ्यात इंजिनाला हात लावू नका.

तुमच्या इंजिनात जी ताकद आहे ती चाकापर्यंत पोचताना कुठे जाते, ते आधी मांडून बघू. सामुराईचा पहिला गिअर ३.६५२, ट्रान्सफर केसचा (गिअरबॉक्सनंतर पुढच्या-मागच्या चाकांकडे ताकद वाटणारा डबा) लो २.२६८, डिफरेन्शियल (ॲक्सलमधला शेवटचा गिअर) ३.७२७. तिन्हींचा गुणाकार साधारण ३०.९. म्हणजे इंजिन ३१ वेळा फिरतं तेव्हा चाक एकदा फिरतं. इंजिनाचा टॉर्क, म्हणजे फिरवण्याचा जोर, साधारण १०० न्यूटन-मीटर, तोही ३५०० आरपीएमला (मिनिटाला फेरे). गाडी कारखान्यातून आली तेव्हा २०५/७०-१५ चे टायर होते, व्यास ६६८ मिलिमीटर. त्या टायरवर जमिनीला मिळणारा रेटा येतो सुमारे ९४० किलो (घर्षणात जातं ते मी धरलेलं नाही, सगळीकडे सारखंच धरा). ३१ इंची टायरचा व्यास ७८७. चाक मोठं, तरफ लांब, रेटा ८०० किलो. तुम्ही स्वतःच्या हाताने पंधरा टक्के ताकद काढून टाकलीत. शिवाय टायर जड झाला, तो फिरवायला आणि थांबवायलाही जास्त जोर लागतो. म्हणून ब्रेकही तपासा.

आता तुमचा ओढा. ३१ इंची टायरवर लो-पहिल्यात १००० आरपीएमला गाडी तासाला ४.८ किलोमीटर जाते, माणसाच्या भरभर चालीएवढी. टॉर्कचं शिखर ३५०० ला आहे. त्या आरपीएमला वेग होतो जवळजवळ १७ किलोमीटर. गुडघ्याएवढ्या दगडांवर १७! म्हणजे दगडाला साजेसा वेग ठेवला तर इंजिन अशक्त जागी चालतंय आणि मरतंय. इंजिनाला त्याच्या बळाच्या जागी नेलं तर गाडी उडतेय. "मधलं काही मिळत नाही" असं तुम्ही लिहिलंत ना, ते हेच.

टर्बो इथे मदत करणार नाही. छोटा टर्बोसुद्धा नीट हवा ढकलायला आरपीएम मागतो, आणि तुम्ही दगडावर १२०० ते १८०० मध्ये असता. तुम्ही रेस द्याल, आधी काही होणार नाही आणि मग एकदम येईल. म्हणजे उसळणं वाढेल. रोहितचं वाळूबद्दलचं म्हणणं शंभर टक्के खरं आहे, पण वाळू वेगळी आणि दगड वेगळा. त्यात या इंजिनाचं कॉम्प्रेशन ८.९ ला १, त्याला दाब दिला की नॉकिंग (पेट्रोल अवेळी पेटून बसणारे ठोके) सांभाळायला ठिणगीचं टायमिंग मागे घ्यावं लागतं, आणि चालण्याच्या वेगाने जाणाऱ्या गाडीच्या रेडिएटरला समोरून वारा मिळत नाही. उष्णता कुठे टाकणार?

१.६ चांगलं इंजिन आहे. बोअर जवळपास तेवढाच, ७४ चा ७५, पण स्ट्रोक ७७ वरून ९० झालेला. त्यामुळे खालच्या आरपीएमला ते खरंच ओढतं. टॉर्क साधारण १३३. तुमच्याच टायरवर, तुमच्याच गिअरवर रेटा होतो १०६५ किलो.

आता तिसरा रस्ता. ट्रान्सफर केसमध्ये ४.१६ चे लो गिअर मिळतात, या गाडीसाठी ते जगभर वापरले जातात. तेच दमलेलं १.३ इंजिन, तेच टायर: रेटा १४६५ किलो. इंजिन बदलून तीनशेही किलो पूर्ण वाढत नाहीत, गिअर बदलून साडेसहाशेच्या वर वाढतात. आणि १००० आरपीएमला वेग येतो २.६ किलोमीटर, ३५०० ला ९. तुम्हाला हवं असलेलं "मधलं" तिथे आहे. हाय रेंजही त्या गिअरनी सुमारे बारा टक्के खाली येते, म्हणजे साध्या रस्त्यावर टायरने नेलेलं बरंचसं परत मिळतं.

मी हे उलट्या क्रमाने केलं. आधी इंजिन. तीन आठवडे गाडी स्टँडवर होती आणि त्यातले निम्मे दिवस वायरिंगमध्ये गेले: ईसीयू, सेन्सर, टाकीला उच्च दाबाचा पंप, परतीची पेट्रोल लाइन, इंजिनाचे नवे माउंट. पुढचा ॲक्सल पूर्ण वर आला की तेलाच्या चेंबरला लागतो का, ते बघत जमिनीवर पडून काढलेली एक अख्खी दुपार मला अजून आठवते. गाडी चालू झाली तेव्हा डोळ्यांत पाणी आलं होतं, खोटं कशाला सांगू. आणि दुसऱ्याच फेरीत, स्टिअरिंग पूर्ण वळवलेलं, पुढचं चाक दगडात अडकलेलं, मी रेस दिली आणि पुढच्या ॲक्सलमधला, वळलेल्या चाकाला ताकद पोचवणारा जॉइंट फुटला. इंजिन मोठं झालं होतं पण वेग तोच होता. मी अजूनही धक्क्यानेच चढत होतो.

धनंजय

विनायककाकांच्या हिशोबात एक भर. सायली, इंजिन बंद पडतं तेव्हा गाडीचं नाक किती वर असतं? कार्ब्युरेटरच्या फ्लोट चेंबरमध्ये पेट्रोलची पातळी असते आणि गाडी तिरकी झाली की ती पातळीही जेटच्या तुलनेत हलते. एका बाजूला कल असेल तर जास्त पेट्रोल, दुसऱ्या बाजूला कमी. माझी गाडी आडव्या उतारावर डावीकडे कलली की मरायची, उजवीकडे कलली की नाही. मी महिनाभर प्लग आणि कॉइल बदलत बसलो होतो. चावीने बंद केल्यासारखं "पट्" मरतं की आधी धुराचा, पेट्रोलचा वास येतो, तेवढं बघा. वास आला तर तो दम कमी असल्याचा प्रश्न नाहीच.

विनायक

धनंजयने बरोबर आठवण केली. १.६ बसवून मला झालेला सर्वांत मोठा फायदा खरं तर इंजेक्शनचा होता, वाढलेल्या टॉर्कचा नव्हे. कुठल्याही कोनात इंजिन शांत चालतं.

आणि सायली, गिअर मागवण्याआधी कॉम्प्रेशन, म्हणजे प्रत्येक सिलिंडरमध्ये तयार होणारा दाब, मोजा. गरम इंजिन, चारही प्लग काढलेले, थ्रॉटल पूर्ण उघडा, बॅटरी चार्ज केलेली. चौदा बारच्या आसपास हवं, बारापर्यंत चालेल, आणि सिलिंडर-सिलिंडरमध्ये एकाहून जास्त फरक नको. आकडे इथे लिहा. जुन्या गाडीत चारांपैकी एक सिलिंडर अर्धवट काम करत असतो आणि मालक टर्बो शोधत असतो, हे मी किती वेळा पाहिलंय.

सायली

विनायककाका, काल भावाला बसवून मोजलं. पहिला १३.२, दुसरा १३, तिसरा १०.८, चौथा १३.१.

तिसऱ्यात चमचाभर तेल घालून परत मोजलं, ११ आला. म्हणजे काय? इंजिन उघडावं लागणार का? काल रात्री नीट झोप नाही लागली. बाबा या इंजिनाला फार जपायचे.

धनंजयदादा, वास येत नाही. पट्कन मरतं. सपाट जागीही १२०० च्या खाली किंचित थरथरतं.

विनायक

घाबरू नका, हे बरं लक्षण आहे. तेल घालून आकडा चांगला वर गेला असता तर रिंगा झिजल्यात असं म्हटलं असतं. तो हललाच नाही, म्हणजे हवा वरून जातेय, व्हॉल्व्हमधून. हेड उतरवण्याआधी टॅपेट, म्हणजे व्हॉल्व्ह आणि त्याला दाबणाऱ्या रॉकरमधला गॅप, बघा. या इंजिनाच्या रॉकरला स्क्रू आणि नट आहे, फिलर गेज लावून गॅप जुळवता येतो. सैल टॅपेट टक-टक वाजतो म्हणून लोक तो लगेच घट्ट करतात. जास्त घट्ट झालेला मात्र अजिबात आवाज करत नाही. त्याचा व्हॉल्व्ह पूर्ण बसत नाही, दाब निसटत राहतो आणि तसंच चालवत राहिलं तर एक्झॉस्टचा व्हॉल्व्ह जळतो. तिसऱ्या सिलिंडरचा एक्झॉस्ट आधी तपासा. मॅन्युअलमध्ये थंड आणि गरम इंजिनाची मापं वेगळी दिलेली असतात, एकाच अवस्थेत सगळे करा.

सायली

काका! तिसऱ्याच्या एक्झॉस्टमध्ये सर्वांत पातळ पट्टीसुद्धा जात नव्हती. आठही जुळवले. आता तिसरा १२.६. थरथर गेली. क्लच सोडताना जो झटका बसायचा तोही कमी झाला, त्याचा याच्याशी संबंध असेल असं वाटलंच नव्हतं.

आज ओढ्यात नेली. पाचव्या दगडापर्यंत गेली, पायरीला पुन्हा मेली. पण या वेळी हळूहळू ओढत, धडपडत मेली. भाऊ बाहेर उभा राहून आरपीएम ऐकत होता, तो म्हणाला इंजिन ओढतंय पण गाडी फार पळतेय. तुमचा हिशोब त्याने वाचलेला नाही!

तर ठरलं. टर्बो नाही. ४.१६ चे गिअर. १.६ चा विचार पुढच्या वर्षी, कार्ब्युरेटर छळायला लागला तर. दोन शंका आहेत. गिअरबॉक्स उतरवावा लागेल का? आणि एवढा रेटा वाढल्यावर माझेही पुढचे जॉइंट फुटतील का?

रोहित

सायली, छान निर्णय. मी माझा सल्ला मागे घेतो. दगडात मी कधी गाडी घातलेली नाही.

विनायक

गिअरबॉक्सला हात लावायचा नाही. या गाडीची ट्रान्सफर केस गिअरबॉक्सला चिकटलेली नाही, मध्ये एक छोटा शाफ्ट आहे आणि केस तीन रबरी माउंटवर लटकते. खालून उतरते, बाकावर घेऊन उघडता येते. दोघं असाल तर एक सुट्टी पुरेल, उघडायची पहिलीच वेळ असेल तर दोन धरा. ती माउंटं त्याच खेपेला नवी घाला, रेटा वाढला की केस स्वतःच पिळवटायला बघते. सगळी सील आणि बेअरिंगही बदला. शिम्स (गॅप भरणाऱ्या पातळ चकत्या) कुठून निघाल्या ते लिहून ठेवत चला.

जॉइंटचं म्हणाल तर हो, फुटू शकतात. रेटा जवळजवळ दुप्पट होणार आहे आणि तो त्यांच्यातूनच जातो. पण माझा फुटला तो धक्क्याने. स्टिअरिंग पूर्ण वळलेलं असताना रेस देऊ नका. चाक अडकलं तर थांबा, मागे या, सरळ करा. आता तुम्हाला थांबता येईल, कारण तिथूनच परत निघण्याइतका जोर असेल. डिफरेन्शियल लॉक (दोन्ही बाजूंची चाकं एकत्रच फिरवणारं) बसवायचं मनात आलं तर मात्र आधी मजबूत शाफ्टची सोय करा.

१.६ बसवाल तेव्हा आधी नोंदणी कार्यालयाला आणि विमा कंपनीला विचारा, इंजिन नंबर बदलतो.

आणि प्रॉपेलर शाफ्ट (ट्रान्सफर केसमधून ॲक्सलकडे जाणारा दांडा) सोडण्याआधी दोन्ही फ्लँजवर (जोडणीच्या चकत्यांवर) जुळती खूण करा, परत लावताना तीच बाजू तिथेच यायला हवी, नाहीतर रस्त्यावर गाडी थरथरेल. खडूने नको, तेलाने पुसली जाते. सेंटर पंचने ठोका.