सल्ला हवा: ऱ्हिदम अँड ब्लूज ऐकायला सुरुवात कोठून करावी?

प्रश्न:
मी काही वर्षे तबला शिकत आहे. आज 'आर अँड बी' (ऱ्हिदम अँड ब्लूजचे लघुरूप) म्हणून जे गायले जाते ते मी आवडीने ऐकतो. मात्र त्याच्या मुळाशी असलेले १९४० ते १९६० च्या दरम्यानचे संगीत मला नीट समजून घ्यायचे आहे. जाणकारांनी मोजकीच ध्वनिमुद्रणे क्रमाने सुचवावीत आणि ऐकताना लक्ष कशाकडे द्यावे हेही सांगावे, ही विनंती.

प्रतिसाद १:
अमेरिकेतील 'बिलबोर्ड' हे साप्ताहिक कृष्णवर्णीयांमध्ये खपणाऱ्या तबकड्यांची यादी 'रेस रेकॉर्ड्स' (वंशाच्या तबकड्या) या मथळ्याखाली छापत असे. तेथे काम करणाऱ्या जेरी वेक्सलर यांच्या सूचनेवरून १९४९ मध्ये त्या मथळ्याच्या जागी 'ऱ्हिदम अँड ब्लूज' हे शब्द आले. संगीत मात्र त्याआधीच घडत होते: अमेरिकेच्या दक्षिणेतील गावे सोडून शहरांत कामाला आलेल्या लोकांना नाचायला संगीत हवे होते, आणि गायक व सॅक्सोफोनवादक लुई जॉर्डन यांच्या छोट्या ताफ्याने मोठ्या वाद्यवृंदाचा जोर मोजक्या वादकांत आणला. म्हणून पहिले ध्वनिमुद्रण त्यांचे, १९४६ चे 'चू चू चबूगी'.

त्यानंतर गायक व पियानोवादक फॅट्स डॉमिनो यांचे 'द फॅट मॅन' अवश्य ऐकावे. डिसेंबर १९४९ मध्ये न्यू ऑर्लिन्स येथे, कॉसिमो मॅटासा यांच्या दुकानामागील लहानशा स्टुडिओत ते ध्वनिमुद्रित झाले. ड्रमवर अर्ल पामर होते. त्या शहराच्या पारंपरिक जॅझमध्ये चार मात्रांपैकी दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवरचा ठळक आघात बहुधा शेवटच्या आवर्तनासाठी राखून ठेवलेला असे; पामर यांनी तो गाण्याच्या आरंभापासून अखेरपर्यंत धरून ठेवला. आपला कान समेकडे, म्हणजे पहिल्या मात्रेकडे, ओढ घेतो, त्यामुळे हे वजन सुरुवातीला उलटे वाटेल. म्हणून पहिली मात्रा मनात मोजावी आणि टाळी दुसरीवर व चौथीवर द्यावी. माझ्या मते या संगीताचे टिकाऊपण येथेच आहे, कारण पहिल्या मात्रेवरची मोकळी जागा ऐकणाऱ्याचे शरीर आपोआप भरून काढते.

प्रतिसाद २:
वरील प्रतिसादाशी मी सहमत आहे, तरी केवळ लयीवर थांबू नये, कारण या संगीताचा अर्धा जीव गळ्यात आहे. गायक व पियानोवादक रे चार्ल्स यांचे 'आय गॉट अ वुमन' हे गाणे नोव्हेंबर १९५४ मध्ये अटलांटा येथील एका रेडिओ केंद्रात ध्वनिमुद्रित झाले. चर्चमधील भक्तिगीताचा साचा घेऊन त्यांनी त्यात ऐहिक प्रेमाचे शब्द भरले. अनेक श्रद्धाळूंना ते खटकले, पण पुढच्या सोल संगीताची (भक्तिगीतांच्या ढंगाने गायलेल्या ऐहिक गीतांची) वाट त्यातूनच निघाली.

त्याच्या जोडीला गायिका रूथ ब्राउन यांचे १९५३ चे 'मामा, ही ट्रीट्स युअर डॉटर मीन' ऐकावे आणि ओळीच्या शेवटी त्यांचा आवाज कसा चिरकतो तेथे थांबून पुन्हा ऐकावे. हा चिरका सूर हीच त्यांची ओळख झाली. त्यांच्या तबकड्यांवर अटलांटिक ही ध्वनिमुद्रण कंपनी उभी राहिली, तरी मानधनाच्या हक्कासाठी त्यांना पुढे अनेक वर्षे झगडावे लागले.

गायिका बिग मामा थॉर्नटन यांचे 'हाउंड डॉग' हेही १९५३ चेच आहे. एल्विस प्रेस्ली यांची १९५६ ची आवृत्ती आपल्या कानावर आधीच पडलेली असेल, तर ती काही दिवस बाजूला ठेवावी आणि थॉर्नटन यांचा संथ, दमदार ठेका ऐकावा.