ओमाहा पोकर : पानांची वाटणी, डावाचा निकाल आणि वाटणाऱ्याच्या चुका

प्रश्न

आम्ही सहा जण बरेच दिवस टेक्सास होल्डेम हा पोकरचा प्रकार खेळत आहोत आणि पाने वाटण्याचे काम कायम माझ्याकडे असते. होल्डेमची पद्धत आता हाताला बसली आहे. बटणाच्या (वाटणाऱ्याची जागा दाखवणाऱ्या खुणेच्या) डावीकडचे दोघे छोटा आणि मोठा ब्लाइंड (पाने पाहण्याआधीची सक्तीची बोली) लावतात, प्रत्येकाला दोन पालथी पाने मिळतात, मग मध्यभागी फ्लॉपची तीन, टर्नचे एक आणि रिव्हरचे एक पान उताणे पडते. गेल्या बैठकीत आम्ही प्रथमच ओमाहा, म्हणजे प्रत्येकाला चार पाने देणारा पोकरचा दुसरा प्रकार, मांडला आणि तिसऱ्याच डावात वाद झाला.

मध्यभागी इस्पिकचा राजा, बदामाची नव्वी, इस्पिकची सत्ती, इस्पिकची तिर्री आणि शेवटी इस्पिकची नव्वी अशी पाने होती. एका खेळाडूने इस्पिकचा एक्का, बदामाचा राजा, चौकटची दश्शी आणि किलवरची दुर्री उताणी करून ‘एक्क्याचा फ्लश’ (एकाच चिन्हाची पाच पाने, त्यांत सर्वांत मोठा एक्का) असे सांगितले. दुसऱ्याकडे इस्पिकची छक्की व पंजी, चौकटची राणी आणि किलवरचा गुलाम होता. मी पॉट, म्हणजे मध्ये जमलेल्या सगळ्या चिपा, एक्केवाल्याकडे सरकवला. दुसऱ्याने तेव्हाच हरकत घेतली, परंतु ती मला पटवून घेता आली नाही. माझा निर्णय चुकला का? शिवाय त्याच रात्री फ्लॉप उघडताना माझ्या हातून तीनऐवजी चार पाने पडली, तेव्हा नेमके काय करायला हवे होते?

पहिला प्रतिसाद

निर्णय चुकला. पॉट छक्की-पंजीवाल्याचा होता.

होल्डेममध्ये हातातली दोन आणि मधली पाच अशा सात पानांतून कोणतीही पाच निवडता येतात; हातातले एकच पान वापरले किंवा एकही वापरले नाही, तरी चालते. ओमाहात ही मोकळीक नाही. तेथे हातातल्या चार पानांपैकी नेमकी दोन आणि मधल्या पाचांपैकी नेमकी तीन घेऊनच हात (पाच पानांची जुळणी) जुळवावा लागतो. तुमच्या पहिल्या खेळाडूच्या हातात इस्पिकचे एकच पान होते, त्यामुळे मध्ये इस्पिकची चार पाने असूनही त्याचा फ्लश होतच नव्हता. त्याला जास्तीत जास्त राजांची जोडी, नव्व्यांची जोडी आणि वर एक्का एवढेच जुळते. दुसऱ्याने मात्र हातातली छक्की व पंजी घेऊन मधला राजा, नव्वी आणि सत्ती ही इस्पिकची तीन पाने जोडली की पाचही पाने इस्पिकची होतात. हाच डाव होल्डेमचा असता, तर एक्केवाला जिंकला असता, आणि म्हणूनच होल्डेमची सवय असलेल्यांची फसगत नेमकी येथे होते.

निकाल लावताना मी एक पद्धत पाळतो आणि ती तुम्हीही पाळावी असे आग्रहाने सांगतो. खेळाडूच्या चार पानांतली दोन पुढे ओढायची, मधली तीन किंचित वर सरकवायची आणि ती पाच पाने सर्वांना दिसू द्यायची. चार पानांतून दोन निवडण्याचे ६ प्रकार आणि पाचांतून तीन निवडण्याचे १० प्रकार, म्हणजे प्रत्येक खेळाडूमागे ६० जुळण्या होतात. नुसत्या नजरेने त्या सगळ्या पाहणे अनुभवी माणसालाही जड जाते. हातात चारही राजे आले म्हणून हरखून जाणारे खेळाडू मी पाहिले आहेत, पण त्यांतले दोनच मोजले जातात आणि उरलेले दोन तुमच्याच हातात अडकल्यामुळे मध्ये तिसरा राजा येण्याची शक्यताच उरत नाही.

दुसरा प्रतिसाद

वरील उत्तराला एक जोड देतो. खेळाडू तोंडाने काय म्हणतो याला महत्त्व नसते. उताणी ठेवलेली पाने जे दाखवतात तोच हात धरायचा. वाचण्यात चूक होत असेल, तर ती दाखवून देण्याचा हक्क टेबलावरच्या प्रत्येकाला आहे. पुढच्या डावासाठी पाने पिसायला घेतली की मागच्या निकालाची तक्रार सहसा ऐकली जात नाही. तुमच्या मित्राने वेळेत हरकत घेतली होती, म्हणून पिसणे थांबवून पाने पुन्हा तपासणे हेच योग्य ठरले असते.

आता चार पानांच्या फ्लॉपविषयी. चौथे पान उचलून गड्डीवर परत ठेवणे हा मोह पहिल्यांदा होतो, आणि तेच टाळले पाहिजे, कारण कोणते पान जास्तीचे हे कोणालाच खात्रीने सांगता येत नाही. मोठ्या स्पर्धांत रूढ असलेली रीत अशी : ती चारही पाने पालथी करून टेबलावर एकमेकांत मिसळायची, त्यांतले एक न पाहता निवडून टर्नआधीचे जाळलेले पान (मधले पान उघडण्याआधी गड्डीवरून पालथेच बाजूला टाकायचे पान) म्हणून ठेवायचे आणि उरलेली तीन फ्लॉप म्हणून उताणी करायची.

प्रश्नकर्त्याचा प्रतिसाद

दोघांचेही मनापासून आभार. पॉट चुकीच्या माणसाकडे गेला याचे मला वाईट वाटते आणि पुढच्या बैठकीत मी तसे सर्वांसमोर मान्य करणार आहे. एक शंका राहिली. प्रत्येक टप्प्याआधी पान जाळल्याने शक्यतांमध्ये काही फरक पडतो का? पडत नसेल, तर ते कशासाठी?

तिसरा प्रतिसाद

नीट पिसलेल्या गड्डीत वरचे पान आणि दुसरे पान दोन्ही सारखेच अज्ञात असतात, त्यामुळे शक्यतांत फरक पडत नाही. कारण वेगळे आहे. बोली चालू असताना गड्डीच्या वरच्या पानाची पाठ सर्वांना दिसत राहते. त्या पाठीवर ओरखडा असेल किंवा कोपरा दुमडलेला असेल, तर ते पान ओळखणाऱ्याला पुढे काय येणार हे आधीच कळेल. ते पान बाजूला टाकल्याने त्या माहितीचा उपयोग उरत नाही. जाळलेली पाने कोणालाही न दाखवता पालथीच ठेवा आणि टाकून दिलेल्या हातांत मिसळू देऊ नका, म्हणजे चूक झाल्यास मोजून पाहता येते.

ओमाहा बहुधा पॉटच्या मर्यादेत (एका वेळची वाढ पॉटहून जास्त नाही, अशा नियमाने) खेळतात आणि कमाल रक्कम वाटणाऱ्यालाच विचारली जाते, म्हणून तोही हिशेब सांगतो. पॉटमध्ये ३० चिपा असताना कोणी २० लावल्या, तर पुढच्याने आधी त्या २० ची बरोबरी केली असे धरायचे; एकूण ७० होतात आणि तेवढीच वाढ त्याला करता येते, म्हणजे तो जास्तीत जास्त ९० चिपा पुढे ठेवू शकतो. शेवटच्या बोलीची तिप्पट करून त्यात त्या बोलीआधीचा पॉट मिळवला, तरी हाच आकडा येतो, आणि टेबलावर हीच रीत झटपट जमते.