बटरफ्रीचा निरोप उगाच डोक्यावर घेतलाय का?

कडूझार (धागाकर्ता)

पोकेमॉनमधल्या रडवणाऱ्या प्रसंगांची यादी कुणीही करो, पहिला नंबर ठरलेला: पहिल्या मालिकेचा 21वा भाग, नायक ॲशच्या बटरफ्री या फुलपाखरासारख्या पोकेमॉनचा निरोप. कार्टून नेटवर्कवर हिंदीत बघणाऱ्यांपासून आता सबटायटल लावून मूळ जपानी बघणाऱ्यांपर्यंत सगळ्यांचं यावर एकमत. माझं नाही. हेमावैम (हे माझं वैयक्तिक मत), पण कारणं देतो.

ॲशने कॅटरपी (सुरवंट) पकडला तिसऱ्या भागात. त्याच भागात त्याचा मेटापॉड (कोष) झाला आणि चौथ्यात बटरफ्री. म्हणजे वाढायचं काम दोन भागांत उरकलं. 15व्या भागात तर सेंट ॲन जहाजावर ॲशने त्याला एका रॅटिकेटच्या बदल्यात देऊनही टाकलं होतं, मग पस्तावून परत घेतलं. आणि 21व्यात एकदम बटरफ्रींचा थवा, गुलाबी मादी, टीम रॉकेट या खलनायकांच्या टोळीचं जाळं, मावळता सूर्य, जुन्या दृश्यांची उजळणी. रडायचं कुठे हे संगीतच सांगतं.

याच्यासमोर सन अँड मून मालिकेचा भाग ठेवा. योगायोगाने तोही 21वाच, 2017 सालचा. लिटन नावाचं भटकं मांजर आणि त्याला सांभाळणारा म्हातारा स्टाउटलँड. दोघांची ओळख आपल्याला सातव्या भागातच झालेली असते: लिटन बाजारात खाणं चोरतो ते या म्हाताऱ्यासाठी, हे तेव्हाच कळतं. त्यामुळे 21व्यात नव्याने काही सांगावं लागत नाही. 'मेला' हा शब्द कुणी उच्चारत नाही. झाडावरचं शेवटचं पान गळतं आणि म्हाताऱ्याची जागा रिकामी दिसते. पान गळणं घासून गुळगुळीत झालंय, मान्य. पण पुढे लिटनला त्या रिकाम्या जागेपाशी तसंच बसू दिलंय, लगेच टीम रॉकेट आणून विषय बदललेला नाही. कसब म्हणतात ते हे.

सावरीचा कापूस

कैच्याकै. सेंट ॲनचा दाखला तुम्ही स्वतःच्याच विरोधात दिलाय.

15व्या भागात हा पोरगा बटरफ्रीची अदलाबदल करतो, कारण समोरच्याचा रॅटिकेट जरा भारी वाटतो. सहा भागांनंतर तोच पोरगा बदल्यात काहीही न घेता त्याला सोडतो. ही पेरणी नाही तर काय? शिवाय पिकाचू प्रोफेसर ओकने दिलेला. स्वतः चेंडू फेकून पकडलेला पहिला पोकेमॉन हाच.

पिवळा रुमालही लक्षात घ्या. सगळे बटरफ्री एकाच साच्यातले, थव्यात गेला की आपला कोणता ते ओळखू येणार नाही, म्हणून ॲश त्याच्या गळ्यात रुमाल बांधतो. साधी व्यावहारिक गरज. पण शेवटी थवा समुद्रावर लांब जातो तेव्हा तो पिवळा ठिपकाच डोळे शोधत राहतात. संगीत बंद करून बघा, तरी चालतं.

आणि साल बघा: 1997. मुख्य चमूतला पोकेमॉन कायमचा जाऊ शकतो हे तोवर कुणालाच माहीत नव्हतं. 2017 मध्ये लिटनचा भाग बघणाऱ्याच्या गाठीशी वीस वर्षांचे निरोप होते.

तिरपागडे

दोघेही लेखकांना फार श्रेय देताय. थोडा हिशोब मांडू.

ट्रेनरजवळ (पोकेमॉन पाळून लढवणाऱ्याजवळ) एका वेळी सहाच पोकेमॉन. 21व्या भागापर्यंत ॲशकडे कोण? पिकाचू, पिजिओटो, बटरफ्री, बल्बासॉर, चारमँडर, स्क्वर्टल. सहा पूर्ण. म्हणूनच 13व्या भागात पकडलेला क्रॅबी थेट ओकच्या लॅबमध्ये गेला. नवीन कुणाला आणायचं तर कुणाला तरी घालवायला हवं. पिकाचूला हात लावता येत नाही, कांटो प्रदेशातले तिघे स्टार्टर (सुरुवातीला निवडायचे: बल्बासॉर, चारमँडर, स्क्वर्टल) खेळण्यांच्या दुकानात खपतात. उरले पिजिओटो आणि बटरफ्री. बटरफ्री गेला आणि 25व्या भागात प्राइमेप आला. त्यालाही चार भागांत कुस्तीच्या तालमीत ठेवून दिलं.

सावरीचा कापूस

@तिरपागडे, हिशोब बरोबर, निष्कर्ष चूक. जागा रिकामी करायचीच होती तर बटरफ्रीलाही क्रॅबीसारखं ओककडे पाठवता आलं असतं, एका वाक्यात काम झालं असतं. अख्खा भाग खर्च का केला?

उंबरठा

पिजिओटोचा विषय निघालाय म्हणून. खरा घाव तो. कांटो लीग स्पर्धेनंतर तो वाढून पिजिओट होतो, फिअरो या हल्लेखोर पक्ष्यापासून पिजींच्या थव्याचं रक्षण करायला मागे राहतो आणि ॲश सांगतो, परत येईन. हे 1999 मध्ये. नंतर मालिकेने पार पाठ फिरवली. मध्ये 2019 ला ॲश अलोला लीग जिंकला, नोव्हेंबर 2022 मध्ये तेव्हाचा विजेता लिऑन याला हरवून जगज्जेता झाला, आणि वचन पुरं झालं ते 2023 मध्ये, ॲशच्या अगदी शेवटच्या भागांत. इतकी वर्षं थांबून फेडलेल्या शब्दापुढे बटरफ्री आणि लिटन दोन्ही फिके.

तिरपागडे

इतकी वर्षं *विसरून*. चाहत्यांनी बोंब मारली नसती तर 2023 लाही आठवलं नसतं.

घड्याळजी

तुम्ही सगळे दुसऱ्याचा निरोप बघून रडताय. गेममध्ये तो स्वतःच्या हाताने द्यावा लागतो.

रेड-ब्लू गेममधला लॅव्हेंडर गावचा मनोरा घ्या. वर जायच्या वाटेवर एक भूत अडवतं. तुमचे पोकेमॉन इतके घाबरतात की हल्लाच करत नाहीत. पर्याय एकच: सेलाडॉन शहरातल्या जुगारघराखालच्या रॉकेट अड्ड्यात उतरा, टोळीचा म्होरक्या जिओव्हानीला हरवा, भुताचं खरं रूप दाखवणारा सिल्फ स्कोप मिळवा आणि परत या. मग कळतं की हे भूत म्हणजे टीम रॉकेटने मारलेली मॅरोवॅक, एका क्युबोनची आई. चेंडू फेकला तर ती चुकवते, पकडता येत नाही. लढून हरवावंच लागतं, तेव्हा कुठे तिचा आत्मा शांत होतो. संगीताचे चार सूर आणि एक काळंपांढरं चित्र, बास.

रूबी-सफायर या नंतरच्या गेममध्ये आणखी एक आहे. बॉक्समधून पोकेमॉन सोडायला गेलात तर कधीकधी तो परत येतो आणि गेम विचारतो, याला तुमची काळजी वाटली की काय?

तिरपागडे

घड्याळजी, आधी मनोरा. सेलाडॉनच्या दुकानात मिळणारी पोके डॉल त्या भुतासमोर वापरली की लढाई संपते आणि गेम तुम्हाला वर सोडतो. अड्डा नको, स्कोप नको, आईबिई काही कळायला नको. तुमचा महान प्रसंग एका बाहुलीत गुंडाळला जातो.

आणि तो 'काळजी वाटली' प्रकार: सर्फ किंवा डाइव्ह (पाण्यावरून किंवा पाण्याखालून नेणारी चाल) येणारा तुमच्याकडचा शेवटचा पोकेमॉन सोडलात तरच तो परत येतो. नाहीतर पाण्याने वेढलेल्या जागी तुम्ही कायमचे अडकाल. अडकण्यावरचा बंदोबस्त आहे तो, त्याला प्रेमाचं वेष्टन घातलंय.

उंबरठा

वेष्टन तरी चांगलं निवडलं ना? 'ही कृती करता येणार नाही' असंही लिहिता आलं असतं.

घड्याळजी

बाडिस (बाय डिफॉल्ट सहमत). आणि बंदोबस्तच म्हणायचं तर जुना पोकेमॉन पिढ्यान्‌पिढ्या पुढे नेणं हा सगळ्यात मोठा बंदोबस्त. 2003 च्या रूबीतला साथी निन्टेंडोच्या आजच्या स्विच यंत्रावर येऊ शकतो, पण वाट अशी:

रूबीचं कार्ट्रिज निन्टेंडोच्या जुन्या, साध्या डीएस किंवा डीएस लाइटच्या खालच्या खाचेत घालायचं (डीएसआयला ती खाचच नाही). वरच्या खाचेत डायमंड किंवा पर्ल हा पुढचा गेम, दोन्ही कार्ट्रिजची भाषा एक. एका वेळी सहाच निवडायचे आणि त्या गेममधल्या पॅल पार्कमध्ये ते पुन्हा पकडायचे. डायमंड-पर्लमध्ये एका कार्ट्रिजमधून दिवसाला एवढेच. तिथून ब्लॅक-व्हाइटला न्यायला दोन डीएस लागतात, तिथेही सहा-सहा. पुढे थ्रीडीएस यंत्रावरचं पोके ट्रान्सपोर्टर हे हलवणारं ॲप, मग बँक, मग होम ही साठवणारी ॲप. बँकेतून होमला न्यायला होमचा पैसे भरायचा प्लॅन लागतो. सगळी वाट एकेरी.

लोक अडकतात ते बहुतेक दोन ठिकाणी. सर्फ, फ्लायसारखी एचएम चाल येत असेल तर पॅल पार्क घेत नाही. ती आधी रूबीतल्या लिलिकोव्ह गावच्या मूव्ह डिलीटरकडून पुसून घ्यायची. आणि ट्रान्सपोर्टर फक्त बॉक्स 1 मधलेच उचलतो, म्हणजे जास्तीत जास्त 30.

कडूझार

याला डेटा हलवणं म्हणतात. यात प्रसंग कुठेय?

घड्याळजी

वाट बंद होत चाललीय, त्यात आहे. थ्रीडीएसचं ऑनलाइन दुकान 27 मार्च 2023 ला बंद झालं. ज्यांनी बँक आणि ट्रान्सपोर्टर त्याआधी कधीच उतरवून घेतले नव्हते, त्यांचे जुने पोकेमॉन आहेत तिथेच राहिले. एप्रिल 2024 मध्ये थ्रीडीएसचा ऑनलाइन खेळही थांबला. बँक तेवढी त्यातून वगळली. बटरफ्रीचा निरोप 22 मिनिटांत संपतो, हा चालूच आहे.

सावरीचा कापूस

याला मात्र माझ्याकडे उत्तर नाही. रच्याकने (बाय द वे), सफायर सुरू करताना अंतर्गत बॅटरी संपल्याचा संदेश येतो, त्यात आतले पोकेमॉन गेले असं समजून लोक कार्ट्रिज टाकून देतात. खरंच जातात का?

घड्याळजी

नाही. रूबी, सफायर, एमराल्डमध्ये सेव्ह फ्लॅश मेमरीत असतो, त्याला बॅटरी लागत नाही. बॅटरी फक्त घड्याळासाठी. ती संपली की गेममधल्या बेरी वाढत नाहीत, शोल केव्ह या गुहेतली भरती-ओहोटी थांबते. पॅल पार्कला काही फरक पडत नाही. संदेश न येता बेरी थांबल्या असतील तर तो जुन्या रूबी-सफायरमधला वेगळा दोष, फायररेड किंवा एमराल्ड या गेमला केबलने जोडून सुधारता येतो.

त्याआधीच्या गोल्ड-सिल्व्हर गेमचं उलटं. तिथे सेव्ह टिकतो तोच बॅटरीवर, आणि घड्याळही तीच चालवते, त्यामुळे ती लवकर संपते. संपली की सगळं गेलं. चालू असेल तोवर कार्ट्रिज रीडरने सेव्ह संगणकावर उतरवून घ्या, मगच बॅटरी बदला.

तिरपागडे

आणि बदलताना टॅब जोडलेली बॅटरी आणा: रूबी-सफायरला सीआर1616, गोल्ड-सिल्व्हरला सीआर2025. दुकानातल्या साध्या सेलवर थेट डाग (सोल्डर) द्यायला जाऊ नका, तापून फुटू शकतो. आपल्या बाजारातली स्वस्त बनावट कार्ट्रिज असतील तर एवढा खटाटोप करूही नका, डीएस बहुधा ती ओळखतच नाही. उघडून बोर्डावर निन्टेंडोचं नाव छापलंय का ते आधी बघा.